नांदेडला जाणारी डिस्क

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी होतो, आणि त्यानंच दिलेली डिस्क अजून माझ्या पिशवीत होती. लातूरला भेटायला गेलो तर त्याची बायको, शबानाभाभी, एवढंच म्हणाल्या, "फोटो लई हायेत भाऊ, त्येंचा आवाज कुठंच न्हाई."

लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासचा लिनक्स सर्व्हर रफिक सांभाळायचा, मी लेक्चरचे व्हिडिओ कापायचो. कुठलाही बदल करण्याआधी तो स्नॅपशॉट घ्यायचा... त्या घडीला डिस्कवर जे जसं आहे, ते तसंच धरून ठेवायचं. मी चिडवायचो, "रफिकभाई, चहाच्या आधी पण घेता का?" तो हसायचा नाही. भूकंपात औशाकडचं त्याचं घर बसलं, अम्मी गेली आणि भिंतीवरचा तिचा एकुलता एक फोटोही मातीत गेला. "स्नॅपशॉट म्हंजे बॅकअप न्हवं," तो म्हणायचा. "एकाच घरात दोन फोटो ठेवले, तर घर पडल्यावर दोन्ही जातात. दुसऱ्या गावात एक पायजेच. आन् प्रत घेतली की उघडून बघायची." म्हणून दर शनिवारी मी गावाकडं, नांदेडला निघालो की प्रतीच्या डिस्कचं हे लोढणं माझ्या गळ्यात. मी कुरकुरायचो, पण न्यायचो.

मागच्या आठवड्यात सर्व्हर भरला, नव्या बॅचचं रेकॉर्डिंग अडलं. क्लासचे सर म्हणाले, "जुनं सगळं उडवा." मी जुने व्हिडिओ पुसले, पण जागा काही मोकळी होईना. मग डोक्यात आलं, फाइल पुसली तरी स्नॅपशॉट तिला सोडत नाही. म्हणजे आता रफिकचे जुने स्नॅपशॉटच पुसायचे. पुसण्याआधी सगळ्यात जुना उघडला. आत माइक तपासण्याच्या बारक्या फाइली होत्या, त्यानं स्वतःच कधीच्या पुसलेल्या. एक लावली. पंख्याची घरघर, खोकला, आणि मग तो... "हॅलो, ऐकू येऊन राहिलं का?"

 दाराकडं वळून पाहिलं, कुणी नव्हतं. मग मात्र रडू आवरलं नाही.

सगळ्या फाइली भाभींसाठी पेनड्राइव्हवर घेतल्या आणि नांदेडच्या डिस्कवरही. सर बाहेरून हाका मारत होते. स्नॅपशॉट पुसायची कमांड लिहून तयार होती, पण एंटर दाबलं नाही. प्रत उघडून बघायची राहिली होती. डिस्कवरची फाइल लावली.

"ऐकू येऊन राहिलं का?"

"हाव, रफिकभाई," मी म्हणालो, आणि एंटर दाबलं.