मुठीतला दांडा

धसईच्या एसटी थांब्याजवळ चपला शिवणारा तो माणूस त्या दिवशी उन्हात मूठ आवळून नुसता बसला होता. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मुरबाडची गाडी येण्यातच होती.

"आता नाय जमायचं, ताई. मूठ सोडली तर दांडा बिघडंल."

त्याच्या हातात पॉलिशचा ब्रश होता. त्याच्या लाकडी दांड्यावर त्याने भिजवलेलं चामडं गुंडाळून शिवलं होतं आणि ते वाळेपर्यंत तो दांडा तसाच धरून ठेवणार होता.

"मग दोरीने आवळून ठेवा की."

"दोरीला काय म्हाईत, माझं बोट कसं हाय?"

तेव्हा मी नीट पाहिलं. उजव्या हाताची तर्जनी ताठ होती, वाकतच नव्हती. नुसतं लाकूड हातातून निसटायचं, आणि ब्रश धरता आला नाही तर धंदा कसा करणार?

मला ताटकळत बसायची सवय नाही. मी त्याची आरी उचलली आणि चप्पल स्वतःच शिवायला घेतली. तो डाव्या हाताने खुणा करून सांगू लागला.

"दोरा ओढा. अजून. भाकर थापताय काय?"

टाका वाकडा पडला. "मुरबाडला पोचाल," तो म्हणाला.

पुढच्या बाजाराला तो झपाझप पॉलिश करत होता. मी ब्रश मागून घेतला. चामडं लाकडासारखं कडक झालं होतं, पण दांडा काही केल्या माझ्या हातात बसेना. तो गालात हसत बघत होता. शेवटी वरच्या बाजूची लांब खाच बोटाला लागली. मी तर्जनी ताठ करून तिच्यात ठेवली, तेव्हा कुठे दांडा मुठीत पक्का बसला.