मोबाइलसमोर हाळी

रविवारची पुरवणी मी जाहिरातींसकट वाचते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पेपरापुरती ती पुरते. यंत्रं आता माणसासारखी बोलतात, मुलांवर ओरडू नये, जेवताना त्यांना मोबाइल देऊ नये, असलं सगळं त्यात येतं. हेच सून तिच्या मोबाइलवर वाचते आणि नातीला मोबाइल दाखवत भरवते. पोरगी काय खाते ते पोरीलाही कळत नाही.

सांगलीत विश्रामबागेला मुलाचा फ्लॅट आहे. जतकडचं गाव सोडून मी इथं आले ती नातीसाठी. आमचं घराणं मेंढरं राखणारं. मेंढरांच्या, लांडग्याच्या गोष्टी मी तिला सांगायची. यंदा शाळेच्या प्रवेशाला गेल्यावर तिथल्या बाईंनी तिला काहीतरी विचारलं. ही म्हणाली, "मला ठावं न्हाई." बाई हसल्या. सुनेला ते लागलं. मग तिनं कुठलासा लेख मला वाचून दाखवला. लहान मुलांच्या कानावर घरात एकच भाषा पडावी, नाहीतर ती गोंधळतात, असं त्यात होतं.

"आत्या, राग मानू नका, पण काही दिवस तिच्याशी जरा कमीच बोला."

मुलगा समोरच बसला होता. "आई, तज्ज्ञांनी लिहिलंय," एवढंच बोलला. याला मी ह्याच भाषेत वाढवला. गोंधळला नाही, इंजिनिअर झाला.

गोष्टी बंद झाल्या. नात माझ्या दारात येऊन "आज्जी, लांडगा," म्हणायची, की आतून तिला हाक यायची. मग मोबाइलमधली बाई तिला गोष्ट सांगायची. त्या बाईची भाषा शुद्ध. पोरीनं मध्येच काही विचारलं तरी ती थांबत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण घर त्यांचं, म्हणून गप्प बसले.

पुढं पुरवणीत एक लेख आला. बोली मरत चालल्यात, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जपून ठेवा. सुनेनंही तो वाचला. ती आणि तिची मैत्रीण मुलं वाढवण्यावर व्हिडिओ करून टाकतात. दुसऱ्याच दिवशी मैत्रीण हजर. दोघी मला म्हणाल्या, जुनंच लुगडं नेसा. खुर्चीत बसवलं, समोर मोबाइल उभा केला. मध्ये आवाज नको म्हणून नातीला आतल्या खोलीत दुसरा मोबाइल देऊन दार ओढून घेतलं.

"आत्या, अगदी गावाकडं बोलता तसं बोला. आणि मेंढरांना बोलवायला हाळी देता ना, ती पण द्या."

"कुनाला देऊ?"

"इथं, मोबाइलकडं बघून."

आमच्यात कळपाला बोलवायचं नसेल तर हाळी देत नाहीत. पोरं खेळात द्यायला लागली तर मार खायची. फुकटच्या हाळीला कळप एकदोनदा धावत येतो, मग खरा लांडगा आला तरी मान वर करत नाही.

"माझं बोलनं पोरीला इख आनि तुमच्या मोबाइलला गूळ, व्हय गं?" मी सुनेला विचारलं.

"आत्या, चालू आहे ते," ती हळूच म्हणाली. मोबाइल चालू होता म्हणे.

"असू दे चालू."

मी उठले, आतल्या खोलीचं दार उघडलं आणि रानात द्यायची तशी हाळी दिली. नात हातातला मोबाइल गादीवर टाकून पळत आली आणि माझ्या मागं बघायला लागली.

"आज्जी, मेंढरं कुठं हायत?"

सून खाली बघत होती. मैत्रीण मात्र खूश झाली. "किती छान आलं. फक्त थोडा अंधार आहे. मावशी, परत एकदा द्याल?"

"आलेल्याला परत हाळी देत न्हाईत."

मी नातीला घेऊन गॅलरीत बसले आणि लांडग्याची अर्धी राहिलेली गोष्ट सुरू केली. सून अजून धुसफुसते. धुसफुसू दे. गोष्ट आता रोज होते.