फ्रेंचबुवांचा संताप

हॉलंडमधल्या आमच्या लायडनच्या गायकवृंदाचे संचालक चिडले की आधी त्यांचे कान लाल होत, मग आवाज चढे. ते फ्रेंच, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात फ्रेंचबुवा म्हणे. उमेदीच्या काळात त्यांनी फ्रान्समध्ये मोठे वाद्यवृंद चालवले आणि प्रत्येक ठिकाणाहून भांडून बाहेर पडले. शेवटी डच बायकोमागून इथे आले. ती वारली, आणि त्यांच्यापाशी उरलो आम्ही हौशी गळे अन् मंगळवारची संध्याकाळ.

मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली, चाळिशीतली. गाण्याच्या चार परीक्षा दिलेल्या, त्यामुळे गाणं कळतं ते आपल्यालाच, हा ठाम समज. पहिल्याच दिवशी ही बया मांडीवर ताल धरून बसली. बुवांनी सगळ्यांना थांबवलं.

"मॅडम, संचालन तुम्ही करताय की मी?"

"तुम्हीच करा. मी नुसता ठेका धरते."

कान लाल.

गाणं संपलं तरी ते हात वरच धरून ठेवत. शेवटचा सूर चर्चच्या छतात विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. ऐन कार्यक्रमात त्या शांततेत माझ्या तोंडून खणखणीत 'वा!' निघालं. नंतर कोट घालताना ते म्हणाले, "दाद खरी होती, म्हणून हाकलत नाही. पण ती शांतता माझी होती."

मग वृंदाच्या समितीने कॉफी आणि एकेक बिस्कीट देऊन बुवांच्या संतापावर सभा बोलावली. ज्यांना बुवांनी सूर धरायला शिकवलं, त्याच अध्यक्षीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "वातावरण सुखद हवं, नाही का?"

"सुखद हवं तर सॉनात जाऊन बसा," मी म्हटलं.

बुवांना ठेवायचं की नाही, यावर मतदान झालं. बुवांच्या बाजूने हात एकच, माझा.

"मी चिडतो, कारण मला ऐकू येतं," एवढंच बोलून ते सायकलवरून निघून गेले. पुढे बहिणीकडे फ्रान्सला गेले आणि तिथेच वारले. समितीने कार्ड पाठवलं. त्यावर फुलपाखरू होतं! आजही हे सांगताना माझा आवाज चढतो, तेव्हा नात म्हणते, "आजी, चिल." चिल म्हणे.

नवा संचालक तरुण, हसरा. प्रत्येक गाण्यानंतर 'मोय' म्हणायचा, म्हणजे सुंदर. एका मंगळवारी मी अख्खं कडवं मुद्दाम अर्धा सूर खाली गायले. शेजारीण दचकून माझ्याकडे बघायला लागली. त्याने अंगठा वर केला.

"मोय!"

मी कोट घातला आणि मधल्या वाटेने, बूट वाजवत, बाहेर पडले.