साव्विच पुढे, आम्ही मागे

मासे धरायला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कोणी "कुठे निघालात?" असं विचारत नाही. कोणी विचारलंच, तर त्याने त्याच पावली घरात परतायचं, सामान खाली ठेवायचं आणि त्या दिवशी पाण्याचं नाव काढायचं नाही. फादेईला एकदा त्याच्या सासूने विचारलं होतं. तो निमूट परतला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही. "म्हातारीला माझ्याकडून लाकडं फोडून घ्यायची होती, म्हणून मुद्दाम विचारलंन्," असं तो अजून सांगतो. आमच्याकडे शुभेच्छासुद्धा उलट्या देतात. घरातल्यांनी म्हणायचं, "ना शेपूट, ना खवला!" आणि जाणाऱ्याने उत्तर द्यायचं, "जा चुलीत!" एवढं झालं की माणूस मोकळा.

तेरेन्ती साव्विचच्या बायकोने, उस्तिन्या फोमिनिच्नाने, लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता. तिने तो विचारला त्या शनिवारची ही हकिगत. पण आधी साव्विच कोण ते सांगायला हवं, नाहीतर त्यातलं दुखणं कळायचं नाही.

साव्विच आमच्या गावच्या लाकूड गिरणीत तीस वर्षं मोठ्या करवतीवर होता. उंच, हाडापेराने भक्कम, बोलायला कंजूष. दारूचा पहिला पेला पोटात गेल्यावरसुद्धा चार शब्द बोलेल, पाचवा नाही. आम्ही तिघं जोडीदार. मी ल्योन्या; टपालाची गाडी चालवतो. फादेई गावच्या न्हाणीघराची भट्टी सांभाळतो आणि गावातली एकूणएक बातमी तिथेच शिजवतो. शरद ऋतूत आम्ही साव्विचच्या होडीतून वोद्ला नदीवर जायचो आणि पाणी गोठलं की ओनेगा तलावावर. साव्विच आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पण नदीवर वल्ही तोच मारायचा आणि बर्फावर पुढेही तोच चालायचा.

बर्फावर चालायची एक रीत असते. पुढचा हातात लोखंडी पहार घेतो, पहारेची वादी मनगटात अडकवतो, आणि जागा संशयाची वाटली की पाऊल टाकण्याआधी घाव घालून आवाज ऐकतो. चांगला बर्फ ठणठणतो. खालून पाण्याने खाल्लेला बर्फ भद्द वाजतो, ओल्या ओंडक्यावर मारल्यासारखा. दुसऱ्याने पहिल्याच्या पावलांत पाऊल टाकायचं आणि तोंड बंद ठेवायचं, कारण पुढचा ऐकत असतो. तिसऱ्यानेही तोंड बंद ठेवायचं, पण आमचा तिसरा फादेई असल्यामुळे ते कधी जमलं नाही. पुढचा वळला की सगळ्यांनी वळायचं. का, म्हणून विचारायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी असंच लख्ख ऊन होतं, बर्फ हातभर जाड. साव्विचने घाव घातला आणि उभाच राहिला. आम्हाला वेगळं काहीच ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला, "मागे." फादेई कुरकुरला, "हो, महाराजांच्या कानात तलाव येऊन गुजगोष्टी करतो ना!" आम्ही पन्नास पावलं मागे आलो असू नसू, तोच पाठीमागे फळ्या फाटल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर आम्ही उभे होतो तिथून काळ्या पाण्याची रेघ गेली होती. त्या दिवशी फादेई संध्याकाळपर्यंत गप्प होता, यावरून काय ते समजा.

त्या कानांवर आम्ही तिघांचे जीव टाकून निर्धास्त होतो.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून मात्र साव्विच थोडा बदलला होता. कानटोपीच्या कानांवर ओढलेल्या पाळ्या तो घरात चुलीशेजारी बसूनही वर करेना. फादेईच्या विनोदाला हसायचा, पण आम्ही हसून झाल्यावर. रस्त्यात हाक मारली तर सरळ पुढे. गाव म्हणायला लागलं, पेन्शन झाल्यापासून साव्विचला शिंगं फुटली. मीही त्यातलाच. एकदा मी त्याच्याकडे बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाचं पातं मागितलं, तर हा माझ्याकडे न बघता निघून गेला. मी आठवडाभर अबोला धरला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला.

आता त्या शनिवारकडे येतो. मार्च अर्धा सरला होता. नदीच्या मुखाशी कोर्युश्का आला अशी बातमी होती. बोटभर चंदेरी मासा, नुकता काढला की ताज्या काकडीचा वास येतो. तो आला म्हटलं की आमच्या गावात आजारी माणूससुद्धा अंथरुणातून उठतो. पण नदीच्या मुखाशी प्रवाह असतो आणि मार्चमध्ये तो बर्फाला खालून कुरतडतो. वरून दिसतं सगळं पांढरं, शहाणं.

सकाळी सातला मी आणि फादेई साव्विचच्या दारात गेलो. घसरगाडीवर गिरमिट, बसायच्या पेट्या, चहाचा थर्मास, काळा पाव आणि खारवलेली चरबी बांधलेली. साव्विच पायरीवर बसून लोकरीचे बूट चढवत होता. उस्तिन्या फोमिनिच्ना त्याच्या पाठीशी दारात उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. साव्विच उठला, पहार घेतली, पायरी उतरला, आणि त्याच्या पाठीवर ती मोठ्यांदा, स्पष्ट म्हणाली, "कुठे निघालात?"

फादेईच्या हातातून दोरी गळाली. मी जागच्या जागी थिजलो. चाळीस वर्षांत न आलेला शब्द!

साव्विच चालत राहिला. फाटकाशी जाऊन आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "चला की. काय खांबासारखे उभे?"

मी फोमिनिच्नाकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर दाबावा तसा रुमालाचा कोपरा दाबला होता. "कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "गिरणीने खाल्ले कान. कोणाला सांगितलंस तर घर सोडून जाईन, म्हणतो. मला वाटलं, निदान हे तरी ऐकेल. ल्योन्या, आज नदीकडे नेऊ नकोस रे त्याला."

आता तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून टाकायचं होतं. बोलणं सोपं आहे. ज्याच्या मागून पंचवीस वर्षं चाललो, त्याला भर रस्त्यात काय सांगू, की बाबा, तू बहिरा झालास, घरी बस? माझी जीभ उचलली नाही. भित्रेपणा म्हणा. वर फादेई माझ्या कानाशी लागला, "अरे, दोन हिवाळे आपण बहिऱ्याच्या कानांवर चालतोय?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक झाला.

काठावर पोचल्यावर मी घसरगाडीची लांब दोरी सोडली. साव्विचसमोर उभा राहिलो, त्याला माझं तोंड दिसेल असा, आणि म्हणालो, "साव्विच, मार्चचा बर्फ आहे. मला भीती वाटते. दोरी बांधून चालू या."

फादेईला काय वाटलं कोण जाणे, त्याने लगेच साथ दिली. "ल्योन्या म्हातारा झाला! उद्या म्हणेल, मला कडेवर घ्या."

साव्विच हसला. या वेळी आमच्याबरोबरच हसला. "बांध," म्हणाला. "घाबरणाऱ्याने बांधावीच." एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं माझ्या.

पहिला कोस बर्फ ठणठणत होता. साव्विच घाव घालायचा, मान किंचित कलती करायचा, अगदी पूर्वीसारखी, आणि पाऊल टाकायचा. मागे फादेई चकार शब्द काढत नव्हता. तिघांपैकी ज्याला ऐकू येत नव्हतं तोच ऐकत असल्यासारखा चालला होता, आणि आम्ही दोघं जीव कानात आणून.

मुखाजवळ आवाज बसला. एक घाव, भद्द. साव्विचने मान कलती केली आणि पाऊल टाकलं. दुसरा घाव आणखी मऊ. "साव्विच!" मी ओरडलो. हाकेचा काही उपयोग नाही हे ठाऊक असून ओरडलो. त्याने तिसरं पाऊल उचललं आणि मी दोन्ही हातांनी दोरी ओढली.

तो धपकन मागे बसला. पडताना पहार पुढे गेली आणि तिच्या नुसत्या वजनानेच बर्फात वीतभर घुसली. भोकातून पाणी बुडबुडत वर आलं, पसरलं, त्याच्या बुटांपर्यंत आलं. वादी मनगटात होती म्हणून पहार वाचली. "पोटावर!" मी ओरडलो आणि हाताने खुणावलं. तो पोटावर झाला आणि सरपटत मागे आला, मी दोरी गोळा करत, फादेई माझे पाय धरून. शंभर पावलं आम्ही तसेच सरडे होऊन आलो.

काठाच्या लव्हाळ्यांत शेकोटी केली. साव्विचचे बूट वाळत ठेवले, चहा ओतला. मग त्याने माझ्याकडे तोंड केलं.

"कधी कळलं?"

"आज सकाळी."

"कसं?"

मी फादेईकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तेव्हा मीच शब्द सुटे सुटे करून सांगितलं, "फोमिनिच्नाने दारात विचारलं. कुठे निघालात, म्हणून."

साव्विचने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं नाही विचारलंन्. आणि विचारलंन् तेव्हा मला ऐकू नाही आलं." त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्याने घाई केली नाही. "बर्फाचा आवाज हातात येतो, पहारेतून. वाटलं होतं, तेवढ्यावर निभेल. कडक थंडीत निभायचं. तुम्हा दोघांना बुडवलं असतं मी."

"दोघांना नाही," फादेई म्हणाला. "मी तिसरा होतो. मी पळालो असतो."

साव्विचने त्याच्या ओठांवरून ते ओळखलं आणि त्याला एक रट्टा दिला. मग मनगटातली वादी सोडून पहार माझ्या मांडीवर ठेवली. त्याच्या बापाची पहार होती ती, मुठीशी हाताच्या घामाने काळी पडलेली. "मी आता घरी बसेन," तो म्हणाला. साव्विच घरी बसला की दोन हिवाळ्यांत संपेल, हे मला, फादेईला आणि त्याला स्वतःलाही दिसत होतं.

पुढचा शनिवार आला. रात्री कडाक्याचा गारठा पडून बर्फ पुन्हा कडक झाला होता. मी आणि फादेई त्याच्या दारात गेलो, बोलावलं नसताना. नदीकडे जायचं नव्हतं, आतल्या खाडीत, जिथे कोंबडीच्या पिलालाही धोका नाही. साव्विच खिडकीत बसला होता. आम्हाला पाहून उठला, बूट चढवले, आणि दारात येऊन बायकोसमोर उभा राहिला. कानटोपीच्या पाळ्या त्याने वर बांधल्या होत्या. तो तिच्या ओठांकडे बघत होता. तिने तो एक प्रश्न विचारला असता तर तो निमूट आत वळला असता, आणि कायमचा. हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

फोमिनिच्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि दोरी घेऊन आली. चांगली, नवी दोरी, कपडे वाळत घालायची. एक टोक तिने स्वतः नवऱ्याच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली, दुसरं माझ्या हातात दिलं.

"ना शेपूट, ना खवला," ती म्हणाली, सावकाश, त्याला दिसेल असं.

"जा चुलीत," साव्विच म्हणाला.

त्या दिवशी पहार घेऊन मी पुढे चाललो, साव्विच माझ्या पावलांत पाऊल टाकत मागे. मला वाटायचं, पुढे चालणं म्हणजे मान. कसला मान? घाव घालायचो, ऐकायचो, पुन्हा घालायचो. बर्फ ठणठणत होता तरी माझा भरवसा बसेना. खाडीच्या मध्याशी आलो आणि मागून दोरीला कचकन हिसका बसला.

मी जागीच गोठलो. आवाज तर चांगला होता! काय चुकलं माझं? काय दिसलं त्याला? घाबरत घाबरत मान वळवली.

साव्विच आपल्या पेटीवर ऐसपैस बसला होता आणि बोटाने पायाखालचा बर्फ दाखवत होता.

"किती चालशील, गाढवा?" तो म्हणाला. "मासा इथे आहे."