डिझेलमुक्त भट्टीची ठिणगीबाई

काचेच्या कारखान्यात तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'ठिणगीबाई'. तिला दोन्ही नावं माहीत होती आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. ती भट्टीची प्रमुख होती. तिच्या बापाने याच कारखान्यात तेलाच्या भट्टीपुढे जन्म काढला होता. आता तो लेकीच्या घरी खिडकीशी बसून खोकत असे आणि खोकला थांबला की तेलाच्या भट्टीचे गोडवे गात असे.

म्हणून विजेच्या भट्टीचा विषय निघाला तेव्हा पहिला हात तिने वर केला. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली.

"विजेवर काच? चहा उकळायचाय का?" एकाने विचारलं.

"नाही, तुमची अक्कल वितळवायचीय," ती म्हणाली. "ती दगडाची आहे, म्हणून एवढी मोठी भट्टी लागते."

सगळे हसले, ज्याला बोलली तो सोडून. तिचं असंच होतं. कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि तिच्या जिभेच्या वाऱ्याला उभं राहणारंही कोणी नव्हतं.

भट्टी आली, पेटली, छान चालली. काजळी गेली, छपराखालचा काळा थर पुसून निघाला. इथवर सगळं ठीक होतं. मग मोठ्या साहेबांना 'मुक्त' हा शब्द सापडला. कारखाना धूरमुक्त झाला, तेलमुक्त झाला, आता त्यांना तो डिझेलमुक्त करायचा होता. विचारमुक्त तर साहेब आधीपासूनच होते. मागच्या शेडमध्ये अडीअडचणीसाठी ठेवलेला डिझेल जनरेटर त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला, कारण पाहुण्यांच्या फोटोत तो मागे दिसत होता.

"साहेब, काच तापलेली असते तोवरच तिच्यातून वीज वाहते," ठिणगीबाईने त्यांना समजावलं. "गार पडली की दगड. मग वीज परत आली तरी ती आत शिरत नाही. अख्खी भट्टी फोडून काढावी लागते."

"तुम्ही फार नकारात्मक बोलता."

"मी नाही बोलत, काच बोलते. जनरेटर नको तर बॅटऱ्या द्या."

"पुढच्या टप्प्यात," साहेब म्हणाले. पुढचा टप्पा म्हणजे काय ते कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जनरेटर गेला. फाटकावर कमानीएवढा फलक लागला: 'डिझेलमुक्त परिसर'. डिझेलच्या गाड्यांना आत यायला बंदी झाली. माल भरायला येणारे ट्रक फाटकाबाहेर उभे राहून इंजिन चालू ठेवून धूर सोडत. पण तो धूर परिसराबाहेरचा होता, तेव्हा तो मोजायचा नव्हता.

तिचा धाकटा दीर नदीपलीकडे शेती करायचा. त्यानेही डिझेलचा पंप काढून विजेचा बसवला होता, गावातल्या सगळ्यांनीच बसवले होते, आणि पंपाच्या बाबतीत तो सुखी होता. ट्रॅक्टरची मात्र रड होती. विजेचा ट्रॅक्टर आणून पाहिला, तर ओल्या चिकट रानात नांगर ओढताना तो दुपारच्या आत मान टाकायचा. मग त्याला घरी चार्जिंगला ओढून न्यायला जुना डिझेलचा ट्रॅक्टर लागायचा.

"भाऊजी, तुम्ही घोडा घेतलात आणि त्याला पाठीवर वाहून न्यायला गाढव ठेवलंत," ती म्हणाली होती. दिराने हसून सोडून दिलं होतं. तो तिच्यावर चिडत नसे. अशी माणसं तिच्या वाट्याला कमी आली होती.

उन्हाचा तडाखा वाढला आणि नदीपलीकडचे सगळे पंप एकदम सुरू झाले. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला कारखान्यातले दिवे गेले. पाठोपाठ पंख्यांची घरघर थांबली आणि भट्टीच्या हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की कुणीतरी दबक्या आवाजात "गेली" म्हणाला ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ठिणगीबाई आधी पाण्याच्या नळ्यांकडे धावली. भट्टीत वीज नेणारे दांडे सतत पाण्याने थंड ठेवावे लागत. पाणी थांबलं तर दांड्यांच्या कडेने वितळलेली काच फुटून बाहेर आली असती. छपरावरच्या टाकीतलं पाणी थोडाच वेळ पुरणार होतं. तिने वरून कच्च्या मालाचा जाड थर टाकायला लावला, आतली ऊब कोंडून राहावी म्हणून; भट्टीला गोधडी पांघरल्यासारखं. आणि दिराला फोन लावला.

"भाऊजी, तुमच्या ट्रॅक्टरला मागे जोडायचा जनरेटर आहे ना? घेऊन या. शेजाऱ्यांकडे असतील तर त्यांनाही आणा."

"वहिनी, पण तो तर गाढवाला जोडायचा असतो."

"गाढवच आणा. विनोद नंतर करा."

तीन ट्रॅक्टर धुरळा उडवत आले आणि फाटकावर अडले. "डिझेलला बंदी आहे. साहेबांचा हुकूम," पहारेकरी म्हणाला. ठिणगीबाई हॉलमधून पळत आली, त्याला काही बोलत बसली नाही, स्वतःच फाटक ढकललं. धूर ओकत तिन्ही ट्रॅक्टर त्या फलकाखालून आत गेले.

जनरेटरांवर पाण्याचे पंप चालले. भट्टी तापवण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती, पण दांडे वाचले. दुपार कलताना लाइन आली. भट्टीने सुरुवातीला वीज घेतलीच नाही. मीटरचा काटा मेल्यासारखा पडून होता. मग तो थरथरला, जरासा सरकला, पुन्हा सरकला. ठिणगीबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला असं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

जुनी मंडळी लगेच जमली. "आम्ही सांगितलं होतं ना, विजेची भट्टी चालायची नाही!"

"भट्टी चालली," ती म्हणाली. "चालला नाही तो साहेबांचा मेंदू. आणि तुम्ही दिवसभर हाताची घडी घालून उभे होतात, तेव्हा तुमचंही काही चाललेलं मला दिसलं नाही."

मग तिने विजेचं काम बघणाऱ्या सुपरवायझरला गाठलं. अशी लाइन जाते तर आधी काही कळत कसं नाही? तो चाचरला. सकाळीच वीजकेंद्रातून फोन आला होता: पंपांचा भार फार वाढलाय, भट्टीचा थोडा कमी करा.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मागे एकदा सांगायला आलो होतो, मॅडम. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, याला तार आणि सुतळी यातला फरक कळत नाही." तो खाली बघत होता. "म्हटलं, होईल आपोआप नीट."

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं आणि ते जबरदस्त होतं. तिने ते गिळलं. साहेब मूर्ख होते हे खरं. पण त्या एका निरोपाने दिवस वाचला असता, आणि तो निरोप तिच्या धाकाने दाराबाहेरच थांबला होता.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगितलं की 'शेती आणि उद्योगाच्या सहकार्याची चाचणी' यशस्वी झाली. जनरेटर गुपचूप परत आला, पण त्यांच्या आग्रहाने हिरव्या रंगात रंगवून.

ठिणगीबाई नदीपलीकडे गेली. पंप पाळीपाळीने चालवा म्हणून तिला शेतकऱ्यांना विनवायचं होतं, आणि विनवण्या करण्यात ती अगदीच कच्ची होती.

"आमची पिकं वाळली तर तुझ्या बाटल्या खायच्या का?" एका म्हाताऱ्याने विचारलं. दिराने डोळे मिटून घेतले.

"नाही, काका," ती कशीबशी म्हणाली. "म्हणूनच विचारायला आले. तुमचं पाणी आधी. भार वाढेल तेव्हा भट्टी मी मंद करीन. फक्त सगळे एकदम सुरू करू नका."

बराच वाद होऊन पाळ्या ठरल्या. काही पाळतात, काही पाळत नाहीत.

सुपरवायझर आता रोज सकाळी तिच्या दारात येतो, दोन पावलं लांबच उभा राहून वीजकेंद्राचा निरोप सांगतो. ती मान वर न करता "बरं" म्हणते. तेवढ्यावर तो खूश होऊन जातो.