एकच पत्रिका वेगळी

अमरावतीत माझा लग्नपत्रिकांचा लहानसा छापखाना आहे. वीस-बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला कधी रडवलं नाही, रडवलं ते मैत्रिणींनी. गिऱ्हाईक काम सांगतं, मैत्रीण 'एवढंच' सांगते. एवढं एक नाव घाल. एवढा गणपती बदल. एवढं उद्यापर्यंत दे, तुझ्या घरचंच तर आहे. घरी आरशासमोर मी 'जमणार नाही' म्हणून पाहिलं आहे, चांगलं ठसक्यात. दुकानात मात्र तोंडातून 'बरं, ठेवून जा' एवढंच निघतं.

कॉलेजातली माझी एक मैत्रीण अकोल्याला दिलेली. गेल्या वर्षी मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन ती स्वतः आली. वाचतानाच मला खटकलं. विनीतांच्या यादीत तिच्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नावच नव्हतं. हिवरखेडच्या शेताच्या वाटणीवरून दोघे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला ठाऊक होतं. तरी थोरल्याचं नाव गाळायचं म्हणजे फारच झालं.

"ह्यायनं सांगून ठेवलं," ती म्हणाली, "त्याचं नाव असन त मी मांडवात उभा राहणार नाई. अन् सासू म्हणते, थोरल्याचं नाव नसन त मी येणार नाई. मी कोनाकोनाचं आयकू वं?"

"मग मी काय करू?"

"एक पत्रिका वेगळी काढून दे. एकच. त्यात भासऱ्याचं नाव पयलं टाक. म्हातारी वाचन, उशाखाली ठेवन, खुश होईन. मैत्रीण म्हणून एवढं कर."

हे खोटं आहे, हे मी तिला म्हणालेच नाही. म्हणायला हवं होतं. बरं, ठेवून जा, म्हणाले. कॉम्प्युटरवर एक ओळ वाढवली, त्याच जाड कागदावर एकच प्रत काढली आणि वेगळ्या पाकिटात घालून दिली. खाली आमच्या छापखान्याचं नाव मात्र दोन्हींवर तसंच राहिलं.

आयुष्यभर पत्रिका छापणाऱ्या मला आणि मुलीच्या लग्नाची दगदग करणाऱ्या तिला, दोघींनाही एक साधी गोष्ट सुचली नाही. पत्रिका उशाखाली ठेवायला नसतेच. ती कुणाच्या तरी दारात न्यायची असते. म्हातारीने त्या एकुलत्या एका पत्रिकेला हळदकुंकू लावलं, अक्षता घेतल्या, एसटीत बसली आणि चांदूर बाजारला थोरल्याच्या घरी गेली. म्हणाली, पाह्य रे, लहान्यानं तुहं नाव पयलं छापलं.

हे मला कळलं ते लग्नाच्या दिवशी. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन. कूलर नुसता आवाज करत होते. मांडवात उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा कुणीतरी फोडला होता आणि माणसं माझ्याच पत्रिकांनी वारा घेत बसली होती. तेवढ्यात दारातून थोरले आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे बायको, हातात नवरीसाठी साडी. मैत्रिणीच्या नवऱ्याने त्यांना पाहिलं आणि तो आचाऱ्याशी बोलायला निघून गेला. मैत्रीण पाया पडली. तिचा चेहरा उतरला होता.

थोरले माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसले. पलीकडच्या माणसाने वारा घ्यायला म्हणून एक पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, वाचली. मग खिशातली काढली आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मी दुसरीकडे पाहू लागले.

त्यांनी खालचं छापखान्याचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं; भावजयीची छापखानावाली मैत्रीण म्हणून ते मला ओळखत होते. "ताई, हे दोन्ही तुमीच छापल्या?"

मी मान हलवली. लाज वाटली, अशी की जणू ती ओळ मी छापली नसून चोरली होती.

ते रागावतील, निघून जातील, असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपली पत्रिका घडी करून पुन्हा खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, "आता आलोच आहो त जेवून जाईन. एक काम करा माहं. मायले हे दुसरी दिसू देऊ नका."

आणखी एक 'एवढंच'. मी उठले. रिकाम्या खुर्च्यांवरच्या, जमिनीवरच्या पत्रिका गोळा करून पर्समध्ये कोंबत सुटले. माणसांच्या हातातल्या कशा काढून घेणार? एका बाईंकडून मागितली तर त्या म्हणाल्या, "काहून? गरमी काय तुमालेच होऊन राहिली?" चाळीसएक जमल्या. तितक्याच मांडवभर हलत होत्या.

म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती. मला पाहून तिने हात धरला, जवळ बसवलं. आनंदाने तिचं तोंड मिटत नव्हतं.

"पोरी, तूच छापली ना ते पत्रिका? थोरल्यानं माही ठेवून घेतली, वापस देतच नाई." तिने माझ्या फुगलेल्या पर्सवर हात ठेवला. "इतक्या आणल्या त एक मले दे."

दोन्ही हातांनी पर्सची चेन घट्ट धरून मी तिच्याजवळ बसून राहिले.