अंगठ्यावरचं पांढरं
चुन्याच्या डबीचं झाकण उघडलं, की मला फुलंब्रीजवळची, मावशीच्या शेतामागची खडकाळ टेकडी आठवते. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र नुकतंच घेतलं होतं. मावशीबरोबर तिथे फिरताना कपारीत बोटभर हिरव्या कांड्यांचा दाट झुबका दिसला. "माकडशिंगी! लहानपणी लई खाल्ली आम्ही," म्हणत मावशीनं एक कांडी मोडून चावलीसुद्धा. तेवढ्यात तिच्या अंगठ्यावर मला पांढरं दिसलं. माकडशिंगी मोडली की नुसतं पाणी सुटतं. पांढरा चीक निघतो तो तशाच कांड्यांच्या विषारी शेराच्या झाडाचा. "थुंक, मावशी, थुंक!" मी किंचाळले. तिनं अंगठा निरखला. "अगं, तंबाखूचा चुना हाय!" तरी घरी पोचेपर्यंत मी तिचे ओठ सुजतात का, तेच बघत होते. आता विद्यार्थ्यांना झाडं ओळखायला नेते, तेव्हा आधी सगळ्यांचे हात धुऊन घेते.